उठण्याची नोंद

आधी वाटलं, डॉकचंच डोकं फिरलंय.
लॅपटॉपची एकच वायर त्याच्या पोटात,
आणि त्याच्या अंगाखांद्यावर माउस, कीबोर्ड, नेट, मॉनिटर,
सगळा संसार एका खुंटीला टांगलेला.
खुंटी हलली की पडदा काळा,
आणि काळ्यावर एक निळी चौकट भटकत राहते
या कडेपासून त्या कडेपर्यंत:
नो सिग्नल.

लॅपटॉपवर इन्व्हॉइस, मॉनिटरवर मॅनिफेस्ट.
डावीकडे चारशे दहा गोणी हळद,
उजवीकडेही चारशे दहाच हव्यात.
एका डोळ्याने हे काम होत नाही.

हेल्पडेस्कवर ओनिल तुस्कानो, वसईचा.
आवाज पंचविशीतला, धीर पन्नाशीचा.
"डॉकची पॉवर काढा. तीस आकडे मोजा. मग लावा."
माझ्याकडून एकोणतीसलाच लागली.
"पुन्हा," तो म्हणाला.
त्याला कसं कळलं कोण जाणे.

मग दुसरं पोर्ट. मग नवा ड्रायव्हर.
मग साठ हर्ट्झचे तीस,
ज्यात माउसचा बाण ठेचकाळत चालतो.
मग लॅपटॉपचं झाकण मिटून, मग उघडून.
मग, त्याला न सांगता,
मी डॉकच्या पाठीवर मारलेल्या दोन चापट्या.

कधी आपोआप यायचा, कधी वायर काढून घालावी लागायची.
वाटायचं, सुटलं एकदाचं.
आणि परत येऊन बघावं तर काळा.

शेवटी ओनिल म्हणाला,
"मॅडम, दोन दिवस एक करा.
गेला की वेळ लिहा,
आणि त्या क्षणी तुम्ही काय करत होता ते."

९.१० कुकरची तिसरी शिट्टी.
९.४० कुरिअर. शेजारच्यांचं, आमच्याकडे ठेवलं.
१०.०५ नानांचा चष्मा. उशीखाली.
११.२० नानांचा चष्मा. डोळ्यांवर.
१२.०० टँकर आला, मोटर लावायला.
३.३० काही नाही. खिडकीशी गेले होते.
पोर्टाच्या यार्डात क्रेन हवेत थांबलेली.
५.०५ नानांनी हाक मारली असं वाटलं.
मारली नव्हती.

ओनिलने वाचलं. फोन गप्प.
त्याच्याकडे मागे कोंबडा आरवला, भरदुपारी.
"मॅडम, तुम्ही दर वेळी उठताय."
"मग? उठावं लागतं."
"तसं नाही. खुर्चीवरून उठताय.
खुर्ची गॅसची आहे का, खाली-वर होणारी?"

होती. सेकंडहँड, चेंबूरहून आणलेली.
बसल्या बसल्या तिच्यात वीज साठते म्हणे,
उठताना सुटते, हवेतून जाते,
कच्च्या वायरीत शिरते.
पडदा दचकतो. हातातलं टाकून देतो.

"बसा." बसले. "उठा." उठले. काळा.
"बसा." बसले. "उठा." उठले. काळा.
नाना दारात येऊन बघत राहिले.
म्हणाले, "शिक्षा कुणी केली गं?"

लॅमिंग्टन रोडच्या दुकानदाराने
वायर तळहातावर तोलून दाखवली. साडेसातशे.
टोकाजवळ एक जाड गाठ,
सापाने उंदीर गिळल्यासारखी.
ती म्हणे वाटेतच अडवते.

लावली. बसले. उठले.
पडदा ढिम्म.
चारशे दहा, चारशे दहा.
"तिकीट बंद करू?"
"करा," म्हटलं.
जुनी वायर टाकवेना. खणात ठेवली,
जिथे आधीच तीन आहेत, कशाच्या ते आठवत नाही.

काल पुन्हा हाक आल्यासारखं झालं. उठले.
दारापर्यंत जाऊन मागे वळून पाहिलं:
दोन्ही पडदे लख्ख,
गोणी जागच्या जागी,
मी तिथे नाही याचा कुठेच पत्ता नाही.
परत येऊन वही ओढली.
वेळ लिहिली, ५.०५.
पुढे काय लिहावं, विचार करत होते
तेवढ्यात नानांनी
खरंच हाक मारली.